धोत्रा, उंदीर आणि उतारा

१५६३ साली गोव्यात एक पोर्तुगीज ग्रंथ छापून झाला. लेखक गार्सिया द ओर्ता, पेशाने वैद्य. तोवर त्यांना गोव्यात येऊन जवळपास तीस वर्षे झाली होती. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्यांचे जाणेयेणे होते. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींबद्दलचा हा ग्रंथ त्यांनी दोन वैद्यांच्या गप्पांच्या रूपात लिहिला आणि त्यातला एक संवाद आहे धोत्र्याबद्दलचा. चोर हा धोत्रा अन्नात कालवून खायला घालतात. तो पोटात गेलेला माणूस हसत सुटतो, समोरचा जे नेईल ते नेऊ देतो, आणि साधारण दिवसभराने भानावर येतो, असे ओर्तांनी नोंदवले आहे. घरातल्याच माणसाने मालकिणीला धोत्रा घालून दागिने पळवल्याची हकीकतही तिथे येते.

हा धोत्रा आपल्या ओळखीचा. उकिरड्याच्या कडेला, पडक्या वाड्याच्या आवारात, रस्त्याच्या खोदलेल्या मातीवर तो आपोआप उगवतो. त्याचे फूल महादेवाला वाहतात आणि काटेरी बोंड पाहिले की मुलांना दटावून लांब करतात. त्या बोंडातल्या बियांत तीन भाऊबंद रसायने असतात: ॲट्रोपीन, हायोसायमीन आणि स्कोपोलामाईन. पहिली दोन हृदय, बाहुल्या, आतडी यांवर जोर दाखवतात. तिसरे मेंदूत सहज शिरते आणि आठवणीवर घाला घालते. धोत्रा चढलेला माणूस त्या वेळात चालतो, बोलतो, प्रश्नांना उत्तरेही देतो. मात्र भानावर आल्यावर त्यातले काहीही त्याला सांगता येत नाही.

गेली पन्नास वर्षे स्मरणशक्तीच्या अनेक नव्या औषधांची पहिली परीक्षा याच स्कोपोलामाईनने घेतली जाते. उंदराला स्कोपोलामाईन देऊन विसराळू करायचे, मग तपासायचे रसायन द्यायचे आणि विसराळूपणा उतरतो का ते पाहायचे. स्मृतिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बाटल्यांच्या जाहिरातीमागे अखेर अशाच एखाद्या प्रयोगाचा आधार असतो. म्हणून तो प्रयोग नेमका काय सिद्ध करतो आणि काय सिद्ध करत नाही, हे घरात वडीलधारी माणसे असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असावे असे मला वाटते.

आधी मेंदूत काय घडते ते पाहू. चेतापेशीचा निरोप पुढच्या पेशीपर्यंत रसायनाच्या रूपाने पोचतो, याचा पहिला भक्कम पुरावा ऑस्ट्रियातल्या ग्रात्झ इथे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये दिला. त्यांनी बेडकाची दोन हृदये घेतली. पहिल्याची व्हेगस चेता उद्दीपित केली तेव्हा त्याची गती मंदावली. त्याच्याभोवतीचे द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडले, तर तेही मंदावले. म्हणजे द्रावणात काहीतरी उतरले होते. प्रयोगाची ही कल्पना लोवींना झोपेत सुचली होती. त्यांनी ती रात्रीच कागदावर खरडली, पण सकाळी स्वतःचे अक्षर त्यांना लागेना आणि कल्पनाही आठवेना. पुढच्या रात्री ती पुन्हा सुचली तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. द्रावणात उतरलेले ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल यांना यासाठी १९३६ चे नोबेल मिळाले.

मेंदूत ॲसिटिलकोलिनचे एक मोठे काम आहे: लक्ष देणे आणि नवी गोष्ट साठवणीत घालणे. ते ज्या जागांवर जाऊन बसते त्यांना ग्राही म्हणतात, आणि त्यातल्या मस्कॅरिनिक नावाच्या ग्राहींवर स्कोपोलामाईन डल्ला मारते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली जाते ना, तसे. रुमालाने जागा अडते, पण रुमाल काही प्रवासी नव्हे. तो तिकीट काढत नाही आणि कुठे उतरतही नाही. स्कोपोलामाईन ग्राहीवर बसते आणि निरोप काही देत नाही. खरा प्रवासी, म्हणजे ॲसिटिलकोलिन, दारात ताटकळत राहतो.

आता उतारा कसा काढायचा? एक मार्ग असा की प्रवासीच इतके वाढवायचे की रेटारेटीत रुमाल बाजूला सरकेल. आपले काम झालेले ॲसिटिलकोलिन तोडून टाकणारे एक एन्झाइम मेंदूत असते, कोलिनेस्टरेज. ते रोखले की ॲसिटिलकोलिन साचत जाते, आणि स्कोपोलामाईन घट्ट चिकटून बसणारे नसल्यामुळे त्याला जागा सोडावी लागते.

असा उतारा निसर्गात होता. आजच्या नायजेरियातल्या कालाबार भागात एफिक लोक आरोपीला एका शेंगेतले बी खायला घालून न्यायनिवाडा करत. त्या बीमधले विष म्हणजे फायसोस्टिग्मिन, हे एन्झाइम रोखणारे रसायन. १८६४ मध्ये प्रागमधल्या काही कैद्यांनी दारू समजून ॲट्रोपीनचे द्रावण प्यायले, तेव्हा लुडविग क्लाइनवेख्टर या डॉक्टरांनी त्यांच्यावर कालाबारच्या बीचा अर्क वापरला आणि एका विषाने दुसऱ्याला उतार पडला. पुढे १९३५ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ पर्सी ज्यूलियन यांनी फायसोस्टिग्मिन प्रयोगशाळेत बनवून दाखवले. विद्यापीठांची दारे वर्णामुळे बंद होणाऱ्या काळात केलेले हे काम आहे. ज्यूलियन यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवे.

स्कोपोलामाईनचा माणसाच्या आठवणीवरचा परिणाम डॉक्टरांनी मुद्दाम वापरला तो जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. बाळंतपणाच्या कळांची आठवणच राहू नये म्हणून क्रोएनिग आणि गाउस हे दोन डॉक्टर बाईला मॉर्फिन आणि स्कोपोलामाईन देत. पुढचा डोस कधी द्यायचा हे गाउस आठवणीच्या चाचणीवरून ठरवत. बाईला एखादी वस्तू दाखवायची आणि थोड्या वेळाने विचारायचे, ही आधी पाहिली होती का? ती नाही म्हणाली की औषध पुरेसे झाले. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कळा होतच होत्या, बाई ओरडतही होती, मात्र सकाळी तिच्या दृष्टीने त्यातले काही घडलेच नव्हते. वेदना आणि वेदनेची आठवण या दोन गोष्टी औषधाने वेगळ्या करता येतात, हे इथे उघड झाले. बाईच्या वाट्याला आलेला त्रास मात्र त्याने कमी होत नव्हता. पुढे या पद्धतीचे धोके, विशेषतः बाळाचा श्वास मंदावण्याचा, कळत गेले आणि ती मागे पडली.

स्मरणशक्तीच्या औषधांची खरी कहाणी १९७४ मध्ये सुरू होते. डेव्हिड ड्रॅकमन आणि जॅनेट लेविट या अमेरिकी संशोधकांनी निरोगी तरुण स्वयंसेवकांना स्कोपोलामाईन टोचले आणि त्यांच्या चाचण्या घेतल्या. काही आकडे ऐकून लगेच म्हणून दाखवणे त्यांना जमत होते. लांबलचक यादी लक्षात ठेवून नंतर सांगणे जमेना. हाच नमुना औषध न दिलेल्या म्हाताऱ्या माणसांत दिसतो, हे त्यांनी शेजारी शेजारी मांडून दाखवले. तरुणाला तासाभरासाठी म्हातारे करणारे औषध हाती आले होते.

त्यावर शंका घेणारे होतेच. स्कोपोलामाईनने गुंगी येते, आणि गुंगीतल्या माणसाला कसे आठवेल? ड्रॅकमन यांनी १९७७ मध्ये त्याचे उत्तर प्रयोगानेच दिले. स्कोपोलामाईन दिलेल्या काही जणांना त्यांनी फायसोस्टिग्मिन दिले, काहींना गुंगी उडवणारे ॲम्फेटामाईन. ॲम्फेटामाईनने आठवण सुधारली नाही, फायसोस्टिग्मिनने सुधारली. एका उताऱ्याला जोडून दुसरा, चुकीचा उतारा देऊन पाहणे ही युक्ती साधी आहे, पण या क्षेत्रातल्या असंख्य प्रयोगांत ती वापरली गेलेली नाही. ज्या प्रयोगात ती असते त्यावर मी जास्त विश्वास ठेवतो.

याच सुमारास, १९७६-७७ मध्ये, ब्रिटनमधल्या वेगवेगळ्या गटांना अल्झायमरने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूत ॲसिटिलकोलिन बनवणारे एन्झाइम फार घटलेले आढळले. दोन धागे जुळले. १९८२ मध्ये रेमंड बार्टस आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात म्हातारपणातल्या विस्मरणामागे ॲसिटिलकोलिनची कमतरता असल्याचे गृहीतक एकत्रितपणे मांडले. आता उंदरांची पाळी आली.

उंदराला काय आठवते, हे विचारायचे कसे? त्याला बोलता येत नाही, तेव्हा त्याच्या पायांना विचारावे लागते. यासाठीच्या चाचण्यांत सगळ्यात देखणी चाचणी रिचर्ड मॉरिस यांनी स्कॉटलंडमध्ये १९८१ मध्ये मांडली. मोठ्या गोल हौदात पाणी भरून ते दूध किंवा रंग घालून गढूळ करायचे. पाण्याच्या जरा खाली एक छोटा चौथरा लपवायचा. उंदीर उत्तम पोहतो, पण त्याला पाणी आवडत नाही. पहिल्या दिवशी तो भिंतीकडेने घिरट्या घालतो आणि केव्हातरी योगायोगाने चौथऱ्यावर चढतो. चार-पाच दिवसांत खोलीतल्या खुणा, म्हणजे दार, दिवा, भिंतीवरची चित्रे, ध्यानात ठेवून तो सरळ चौथऱ्याकडे जातो. मग चौथरा काढून टाकायचा. शिकलेला उंदीर जिथे चौथरा होता त्याच भागात पुन्हा पुन्हा फिरतो. स्कोपोलामाईन देऊन शिकवलेला उंदीर हौदभर भटकतो.

दुसरी चाचणी धक्क्याची. उजेडाची आणि अंधाराची अशा दोन जोडखोल्या असतात. उंदराला अंधार प्यारा, तो लगेच आत जातो आणि पायाखालच्या जाळीतून त्याला विजेचा हलका धक्का बसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा उजेडात सोडले की शहाणा उंदीर दारातच थबकतो. किती सेकंद थबकला ते मोजायचे. विसरलेला उंदीर सरळ आत शिरतो. तिसरी चाचणी ‘वाय’ अक्षराच्या आकाराच्या बोळाची: नुकत्याच पाहिलेल्या बोळात पुन्हा न जाता नव्या बोळात जाणे हा उंदराचा स्वभाव असतो, पण त्यासाठी आधीचा बोळ लक्षात हवा. चौथीत दोन वस्तू दाखवून नंतर एक बदलतात. आठवण शाबूत असलेला उंदीर नव्या वस्तूला जास्त वेळ हुंगतो.

उंदराने काय केले एवढेच या चाचण्यांत दिसते. का केले, ते माणसाला ताडावे लागते, आणि घसरगुंडी इथेच होते. धक्क्याच्या खोलीत उंदीर थबकला तो आठवले म्हणून, की दिलेल्या रसायनाने तो मुळातच सुस्त झाला म्हणून? धक्का त्याला पुरेसा लागला का? वेदना कमी करणारे रसायन दिले तर धक्का लक्षात ठेवण्याजोगा वाटतच नाही. हौदात तो चौथऱ्यावर लवकर पोचला तो रस्ता आठवून, की नुसता वेगाने पोहला म्हणून? त्यासाठी पोहण्याचा वेग वेगळा मोजतात आणि चौथऱ्यावर झेंडी लावून चौथरा दिसत असतानाही चाचणी घेतात. झेंडी दिसूनही उंदीर पोचत नसेल तर बिघाड डोळ्यांत किंवा पायांत आहे, आठवणीत नाही. स्कोपोलामाईनने बाहुल्या विस्फारतात, त्यामुळे ही शंका खरीच घ्यावी लागते.

मेंदूबाहेरचा परिणाम वगळण्यासाठी एक सुंदर युक्ती आहे. स्कोपोलामाईनचाच एक जोडीदार, मिथाइलस्कोपोलामाईन, रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या गाळणीतून सहसा पलीकडे जात नाही. तो तोंड कोरडे करतो, हृदयाचे ठोके बदलतो, मात्र आठवणीला सहसा हात लावत नाही. म्हणजे बिघाड मेंदूतलाच होता. पोटातल्या मुरड्यासाठी डॉक्टर जे हायोसीन ब्युटिलब्रोमाइड देतात, ज्याची बस्कोपॅन ही गोळी बहुतेकांना ठाऊक आहे, तेही याच जातीचे: मेंदूत फारसे न शिरणारे. हायोसीन हे स्कोपोलामाईनचेच दुसरे नाव, तरी ती गोळी घेऊन कोणी विसराळू होत नाही, ते यामुळे.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, वेळेचा. आठवण तीन टप्प्यांत चालते: गोष्ट मनात शिरते, मुरते, आणि लागेल तेव्हा वर येते. स्कोपोलामाईन शिकण्याच्या आधी दिले तर गोष्ट शिरतच नाही आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका तिथेच बसतो. शिकल्यानंतर दिले तर फटका बराच कमी बसतो. म्हणून परीक्षेत रसायन कधी दिले, हे अहवालात पहिल्यांदा शोधावे. बऱ्याच प्रयोगांत वनस्पतीचा अर्क आठवडा-दोन आठवडे रोज दिला जातो आणि शेवटच्या दिवशी स्कोपोलामाईन टोचले जाते. निष्कर्ष मात्र ‘विस्मरण परतवले’ असा लिहिला जातो. हे परतवणे नव्हे, आधीच छत्री उघडून बसणे आहे. छत्रीला किंमत आहेच, पण भिजलेल्याला कोरडे करण्याचा दावा त्यावरून करता येत नाही. ‘उतारा’ हा शब्द मी त्याच रसायनासाठी राखून ठेवतो जे बिघाड झाल्यावर दिले आणि तरी उपयोगी पडले.

अशा चाळणीतून गेलेले औषध आहे, आणि त्याची कहाणी ऐकण्यासारखी आहे. फायसोस्टिग्मिन शरीरात फार थोडा वेळ टिकते. टॅक्रिन हे नवे रसायन अमेरिकेत १९९३ मध्ये मान्य झाले, पण ते यकृताला त्रास देई. जपानच्या एझाई कंपनीत हाचिरो सुगिमोतो यांचा गट दिवसातून एकदा घेता येईल असे रसायन शोधत होता. सुगिमोतोंच्या आईला स्मृतिभ्रंश झाला होता. पुढे मुलालाही तिने ओळखले नाही. या गटाच्या हाती लागलेले डोनेपेझिल १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि आजही भारतासह जगभर डॉक्टर ते लिहून देतात. स्कोपोलामाईन दिलेल्या उंदराची आठवण ते सुधारते, म्हणूनच आज नव्या रसायनाची परीक्षा घेताना शेजारच्या पिंजऱ्यात डोनेपेझिलवाला गट ठेवतात. नव्या रसायनाला त्याच्याशी तुलना सोसावी लागते.

अल्झायमरच्या माणसांत डोनेपेझिल किती उपयोगी पडले? ७० गुणांच्या आकलनचाचणीत २४ आठवड्यांनी औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात सरासरी अडीच ते तीन गुणांचा फरक पडला. कुटुंबाला तेवढाही आधार वाटतो आणि त्याला मी कमी लेखणार नाही. पण आजार पुढे जातच राहतो. उंदराचा विसराळूपणा जवळपास पूर्ण उतरवणारे औषध माणसात इतकेच का करते? उंदराच्या मेंदूतल्या पेशी शाबूत आहेत, त्यांच्या जागा तेवढ्या तासाभरासाठी अडल्या आहेत. अल्झायमरमध्ये पेशीच मरत जातात. विहिरीवरची मोटर बंद केल्याने नळाला पाणी येत नसेल तर बटण दाबले की येईल. विहीर आटली असेल तर बटण कितीही दाबून उपयोग काय? स्कोपोलामाईनची परीक्षा बटण तपासते. विहिरीबद्दल ती काही सांगू शकत नाही.

याची फार मोठी किंमत मोजली गेली आहे. सेरोटोनिनचा एक विशिष्ट ग्राही, ५-एचटी६, रोखणारी रसायने स्कोपोलामाईन दिलेल्या उंदरांत चांगली उतरली होती. त्यांपैकी इंटेपिर्डीन १३००हून अधिक अल्झायमर रुग्णांवरच्या चाचणीत २०१७ मध्ये निष्फळ ठरले. आयडालोपिर्डीनच्या तीन मोठ्या चाचण्यांतही २५०० हून अधिक रुग्ण होते. निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला: उपयोग नाही. हैदराबादच्या सुवेन कंपनीचे याच वर्गातले मासुपिर्डीनही २०१९ मध्ये आठवणीच्या निकषावर उतरले नाही. या चाचण्यांत ज्यांनी नाव घातले त्यांच्या घरी एक आशा होती. अशा परीक्षेवर एवढा भार टाकताना ते चेहरे समोर असावेत.

आपल्याकडे या परीक्षेला वारंवार सामोरी गेलेली वनस्पती ब्राह्मी. देशभरातल्या आणि महाराष्ट्रातल्याही औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांत पदव्युत्तर प्रबंधाचा हा आवडता विषय: अमुक पानांचा अर्क, स्कोपोलामाईन, उंदीर, आणि शेवटी मेंदूतल्या कोलिनेस्टरेजची मोजणी. ती मोजणी एलमन यांच्या १९६१ च्या पद्धतीने होते. एन्झाइम काम करत असेल तर नळीतले द्रावण पिवळे होत जाते, जितके पिवळे तितके एन्झाइम जागे. पद्धत स्वस्त आणि सोपी आहे म्हणून ती सगळीकडे वापरली जाते. पण अर्क कशाचा, इथूनच गोंधळ सुरू होतो. मराठीत ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. एक पाणथळीत वाढणारी, जाडसर पानांची बॅकोपा मोनिएरी, म्हणजे जलब्राह्मी. दुसरी वाटोळ्या पानांची सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी. दोन्हींतली रसायने वेगळी. तेलाच्या बाटलीवर नुसते ‘ब्राह्मी’ लिहिले असेल तर आत कोणती आहे हे ग्राहकाला कळत नाही.

जलब्राह्मीतल्या बॅकोसाइड या घटकांवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने पुष्कळ काम केले आहे. आणि माणसांवरचा एक नीट केलेला प्रयोग ऑस्ट्रेलियातून २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ४० ते ६५ वयाच्या ७६ निरोगी माणसांना तीन महिने जलब्राह्मी किंवा दिसायला तशीच बिनऔषधी गोळी दिली गेली. शिकण्याच्या वेगात फरक पडला नाही, पण शिकलेले विसरण्याचे प्रमाण जलब्राह्मी घेणाऱ्यांत कमी झाले. हे मला उंदरांच्या शंभर प्रबंधांपेक्षा मोलाचे वाटते. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि मार्गदर्शकांनी एक गोष्ट तरी करावी: अर्क नेमक्या कोणत्या वनस्पतीचा, त्यातल्या घटकाचे प्रमाण किती, हे मोजून लिहावे, आणि उंदीर कोणत्या गटातला हे सेकंद मोजणाऱ्याला ठाऊक नसावे. त्या मुक्या जिवाला धक्के देऊन मिळवलेला आकडा निदान विश्वास ठेवण्याजोगा असावा.

आता प्रयोगशाळेतून घरात येतो, कारण औषधाने झालेले विस्मरण हे केवळ उंदरांचे दुखणे नाही. एन्डोस्कोपीआधी दिलेल्या मिडाझोलमने त्या अर्ध्या तासातले काहीच आठवत नाही. त्यावर फ्लुमाझेनिल हा उतारा आहे, तो दिल्यावर माणूस खडबडून जागा होतो. पण त्या अर्ध्या तासातल्या गोष्टी परत येत नाहीत. त्या मेंदूत कधी नोंदवल्याच गेल्या नव्हत्या. कुठलाही उतारा न लिहिलेले पान वाचून देऊ शकत नाही.

त्याहून काळजीची गोष्ट हळूहळू होणाऱ्या विस्मरणाची. स्कोपोलामाईनसारखेच रुमाल टाकणारी पुष्कळ औषधे आपल्या घरच्या डब्यात असतात. सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामिन, खोकल्याच्या किंवा झोपेच्या औषधातले डायफेनहायड्रामिन, अंगदुखीसाठी आणि झोपेसाठी लिहिलेले ॲमिट्रिप्टिलिन, लघवीची घाई थांबवणारे ऑक्सिब्युटिनिन, कंपवातासाठी आणि मानसिक आजाराच्या औषधांसोबत दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल. एकेकट्याने तरुणाला फारसे काही होत नाही. सत्तरीतल्या आजीला दोन-तीन एकदम चालू असली तर ती नुकतेच जेवून ‘मी जेवले का गं’ असे विचारू लागते, रात्री गोंधळते, आणि घरचे म्हणतात, वयच झाले आता. अमेरिकेतल्या सिएटल भागातल्या ६५ वर्षांवरच्या ३४३४ जणांचा सरासरी सातहून अधिक वर्षे पाठपुरावा करणारा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अशी औषधे सर्वाधिक प्रमाणात घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची जोखीम न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे दीडपट दिसली. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही, मात्र सावध होण्याला तो पुरेसा आहे.

कधी दोन डॉक्टर नकळत एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढतात. एकाने आठवणीसाठी डोनेपेझिल सुरू केले. त्याने लघवीची घाई वाढू शकते. ती थांबवायला दुसऱ्याने ऑक्सिब्युटिनिन लिहिले. एक गोळी मेंदूतले प्रवासी वाढवते, दुसरी रुमाल टाकते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या नोंदी तपासून २००५ मध्ये संशोधकांनी ही साखळी खरोखर घडते हे दाखवून दिले.

इथे मात्र उतारा प्रयोगशाळेत शोधावा लागत नाही. विहीर भरलेली आहे, बटण बंद आहे, आणि बटण कोणत्या गोळीने बंद केले ते चिठ्ठीवर लिहिलेले आहे. औषध बदलले किंवा कमी केले की पुष्कळदा आठवण सुधारते. सगळ्यांची नाही, आणि लगेचही नाही. काहींच्या विस्मरणाला दुसरे कारणही असते. पण आधी हे तपासल्याशिवाय कोणत्याही म्हाताऱ्या माणसावर स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारू नये.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या आईवडिलांच्या, सासूसासऱ्यांच्या औषधांचा डबा या आठवड्यात उघडा. दुकानातून आपणच आणलेल्या सर्दी-झोपेच्या गोळ्या, आयुर्वेदिक पुड्या, डोळ्यांत घालायचे थेंब, सगळे एका पिशवीत भरा आणि त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांसमोर ठेवून विचारा: यातल्या कशाने विसराळूपणा येऊ शकतो का? आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका. काही औषधे अचानक थांबवणेही धोक्याचे असते. पण विचारा नक्की, आणि विचारताना त्यांनाही सोबत न्या.